चोवीस जून आणि आमचे दळवी सर

फेब्रुवारीतली सकाळ होती. कतारमधल्या दोह्यात त्या दिवसांत कधी कधी असे धुके पडते की समोरचा सिग्नलसुद्धा पुसून जातो. शाळेची बस मदिनत खलीफाच्या कोपऱ्यावर थांबली आणि मी चढले. नोकरीचा माझा पहिलाच आठवडा होता. मुले मागे पेंगत होती. पुढच्या बाकावर मांडीवर स्टीलचा डबा घेऊन एक सडपातळ गृहस्थ बसले होते. त्यांनी सरकून जागा दिली आणि माझे नावही न विचारता म्हणाले, "आज तारीख किती?"

"तेरा फेब्रुवारी."

"मग आज कुणाकडे पाहुण्या म्हणून जेवायला जाऊ नका."

मी चपापले. बस चालवणारे बार्शीकडचे बाळासाहेब आरशातून बघत म्हणाले, "मॅडम, घाबरू नका. सर नव्या माणसाला असंच भ्या दाखवत्यात. मला बी दाखवलं हुतं."

मग त्या गृहस्थांनी मला स्कॉटलंडमधल्या ग्लेन्को नावाच्या दरीची गोष्ट सांगितली. सरकारचे सैनिक तिथल्या घरांत पाहुणे म्हणून उतरले. जवळजवळ पंधरवडा यजमानांच्या चुलीवरचे जेवले, त्यांच्याबरोबर पत्ते खेळले आणि तेरा फेब्रुवारीच्या पहाटे त्याच यजमानांना त्यांनी कापून काढले. साल सोळाशे ब्याण्णव. त्यांनी पुढे केलेल्या डब्यातल्या पोह्यांचा घास माझ्या हातातच राहिला. तरी नाशिकच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलीचा आगाऊपणा जात नाही. मी म्हणाले, "आमच्या लायब्ररीतल्या जुन्या पुस्तकात सोळाशे एक्क्याण्णव होतं."

त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी बसच्या धुकटलेल्या काचेवर बोटाने दोन आकडे काढले, मधे एक रेघ मारली. "दोन्ही बरोबर. इंग्लंडमध्ये तेव्हा नवं वर्ष मार्चात लागायचं, स्कॉटलंडमध्ये जानेवारीत. रात्र एकच, पण सरहद्दीच्या अलीकडे एक साल आणि पलीकडे दुसरं. कॉन्व्हेंटच्या का तुम्ही? तिथे रोज एक संत असतो म्हणे. मग सांगा सिस्टर, आजचा संत कोण?"

त्या दिवसापासून मी त्यांची 'सिस्टर' झाले, ती आजही आहे. श्री. इस्माईल दळवी सरांशी माझी ओळख झाली ती अशी.

सर मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावचे. आमच्या शाळेत ब्रिटिश अभ्यासक्रम होता आणि तेल-वायूच्या कामासाठी अबर्डीनहून आलेल्या इंजिनियरांची बरीच मुले होती. त्यांना त्यांच्याच देशाचा इतिहास शिकवायला कोकणातले दळवी सर उभे राहत. पहिल्या तासाला एखादा लालबुंद मुलगा हमखास विचारी, "सर, बट व्हाय स्कॉटलंड?" सर सांगत, "कारण मी बॅनकबर्नच्या दिवशी जन्मलो. चोवीस जून." कॉलेजात असताना त्यांना ग्रंथालयात पाठपुठ्ठा गेलेले इतिहासाचे एक पुस्तक मिळाले होते. चाळताना स्वतःचा वाढदिवस दिसला. तेराशे चौदा साली त्या दिवशी स्कॉटलंडच्या लहानशा सैन्याने इंग्लंडच्या राजाला परत पिटाळले होते. सर म्हणत, "पुस्तकात स्वतःची तारीख सापडली की माणसाची सुटका नसते." त्या एका तारखेच्या मागे मागे ते शेकडो वर्षे फिरून आले. एम. ए. झाले, मास्तर झाले, दोह्याला आले. दर चोवीस जूनला, सुट्टी लागण्याच्या बेतात, अख्खी शाळा आधी बॅनकबर्नसाठी टाळ्या वाजवी आणि मग सरांसाठी.

सर तारखेच्या बाबतीत फार कडक होते. उत्तर कितीही सुंदर असो, तारीख चुकली की एक गुण गेला. एकदा एका विद्यार्थ्याचे वडील तावातावाने आले. "एका दिवसाने काय फरक पडतो हो सर?" सरांनी त्यांना आधी चहा दिला. मग म्हणाले, "बॅनकबर्नची लढाई दोन दिवस चालली. पहिल्या दिवशी संध्याकाळी दोन्ही सैन्यं उभी होती. निकाल दुसऱ्या दिवशी लागला. तुमच्या मुलाने तेवीस लिहिलंय. त्याने माझ्या माणसांना निकालाआधीच घरी पाठवलं." ते गृहस्थ हसत परत गेले. गुण मात्र कापलेलाच राहिला.

कोणी समजेल की असा माणूस कोरडा असणार. त्यासाठी एक गोष्ट सांगते. माझे यजमान रास लफानच्या वायू-प्रकल्पावर शिफ्टला असताना नाशिकहून फोन आला, आई गेली. मी स्टाफरूममध्ये खुर्चीवर बसून होते आणि मला काहीच ऐकू येत नव्हते. सरांनी तास सोडला, माझा पासपोर्ट घरून आणवला, बाळासाहेबांना गाडी काढायला लावली आणि विमानतळाच्या दारापर्यंत माझी बॅग स्वतः उचलून नेली. वाटेत तारखेचा विषयही काढला नाही. तो दिवस सहा एप्रिलचा. स्कॉटलंडच्या इतिहासात हा फार मोठा दिवस आहे. आम्ही स्वतंत्र आहोत असे तिथल्या सरदारांनी पोपना पत्र लिहून कळवले, ते अर्ब्रोथचे पत्र याच तारखेचे. निवृत्त झाल्यावर सर 'रोजची तारीख' नावाच्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दररोज सकाळी त्या दिवसाची घटना पाठवू लागले. पण सहा एप्रिलला त्यांनी अर्ब्रोथ कधीच पाठवले नाही. त्या दिवशी एकच ओळ येई, आणि ती फक्त मला येई: "आज आईंचा दिवस. जेवलात का?"

आणि तेरा फेब्रुवारी. ज्या तारखेला पाहुण्यांनी घात केला, त्या तारखेला सर कुणाकडे पाहुणे होत नाहीत, यजमान होतात. अल थुमामातल्या त्यांच्या घरी दरवर्षी मोठी देग चढते. सरांच्या पत्नी, आमच्या भाभी, तांदळाच्या भाकऱ्या थापतात, सुरमईचे कालवण असते, गोडाला सांदणे. बाळासाहेब आपल्या ओळखीचे ड्रायव्हर, वेल्डर, फिटर घेऊन येतात. घर सोडून आलेली ही माणसे एरवी खोलीवर आठ-आठ जणांत डाळ शिजवतात. दाराशी सर प्रत्येकाला तारीख विचारतात आणि मगच आत घेतात. सोलापूर, बीड, लातूरकडची कितीतरी माणसे ग्लेन्को हे नाव अस्खलित घेतात, ते या देगीमुळे.

या वर्षीच्या तेरा फेब्रुवारीलाही आम्ही सगळे तिथेच होतो. रत्नागिरीहून सरांच्या थोरल्या भगिनी मरियमआपा हिवाळ्यापुरत्या आल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, दात थोडे, आवाज खणखणीत. दस्तरखानाभोवती माणसे बसली, वाढणे सुरू झाले, आणि दोह्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या वतीने मी उठून सांगितले की येत्या चोवीस जूनला सरांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होतात, तेव्हा सत्कार करायचा आणि गौरवग्रंथ काढायचा असे ठरले आहे. टाळ्या पडल्या. आपांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारले, "कोणाची पंचाहत्तरी?"

"सरांची, आपा."

"इस्माईलची? चोवीस जून इस्माईलची कशी? ती तर याकूबची."

सरांच्या हातात डाव होता. ते म्हणाले, "याकूब कोण?"

आपांनी इकडेतिकडे पाहिले. आपण काय बोलून बसलो हे त्यांना कळले, पण बोललेले परत घेणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. "तुझ्या आधीचा. दीड वर्षाचा होऊन गेला. अम्माला सोसायचं नाय म्हणून घरात कोण त्याचं नाव घेत नव्हतं. तो रत्नागिरीच्या दवाखान्यात झालेला. नर्सबाईने अम्माकडून तारीख पाठ करून घेतली होती. तू घरात झालास. तुझी तारीख कोणी ठेवली नाय."

पंचाहत्तराव्या वर्षी आमच्या सरांना कळत होते की आपल्याला एक भाऊ होता, आणि आयुष्यभर ज्या दिवसाला आपण आपला म्हटले तो दिवस त्याचा होता. बाळासाहेबांना शांतता सोसवत नाही. ते म्हणाले, "आज तेरा तारीख हाय सर. पाहुण्यानं घात केलाच." एरवी सर या बोलण्यावर सगळ्यांत आधी हसले असते. त्या दिवशी सरांनी डाव देगीत ठेवला. "जेवा," ते म्हणाले, "भाकऱ्या गार होतील." आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर तारीख आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आपा गावी परतल्या. रमजान आला, ईद झाली. इतक्या वर्षांत विमानात असतानाही ज्यांनी सहा एप्रिल सोडून एक दिवस चुकवला नव्हता, त्यांचा ग्रुप कोरा. मी फोन केला की भाभी घेत. "बरे आहेत," एवढेच म्हणत. मार्चमध्ये सरांचा निरोप आला: सत्कार रद्द करावा, ग्रंथ थांबवावा, तारीख खरी नाही. छपाईचे काम पुढे गेले होते, लेख येऊन पडले होते. पण मंडळात कोणालाही त्याची काळजी नव्हती. सरांना आपण परत कसे आणणार, एवढाच प्रश्न सगळ्यांच्या डोळ्यांत होता.

मग सहा एप्रिल आला. मी सकाळी फोन उशाशी घेऊन बसले होते. दहा वाजले, दुपार झाली. ती एक ओळ आली नाही. आई गेली त्या दिवशी कान जसे बंद झाले होते तसेच पुन्हा झाले. संध्याकाळी मी बाळासाहेबांना म्हटले, मला अल थुमामाला सोडा.

भाभींनी दार उघडले. "बघ बाई, दिवसभर त्या नकाशासमोर बसतात." सर खरोखरच स्कॉटलंडच्या मोठ्या नकाशाखाली बसले होते. मला पाहून त्यांच्या लक्षात आले.

"आज सहा एप्रिल," ते म्हणाले.

"हो सर."

"चुकलो." त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली. "सिस्टर, मी मुलांचे गुण कापले. लोकांच्या आयुष्यातले दिवस लक्षात ठेवले, त्याचा मला ताठा होता. आणि मी स्वतः दुसऱ्याच्या दिवसावर राहत आलो. त्या सैनिकांत आणि माझ्यात काय फरक? ते यजमानाच्या घरात शिरले, मी एका लहान पोराच्या तारखेत शिरलो. त्याच्या नावाच्या टाळ्या मी घेतल्या. आता तुम्ही त्याच्या पंचाहत्तरीची शालही मलाच घालणार."

मला येताना जे सुचले होते ते मी बोलून टाकले. "सर, बसच्या काचेवर तुम्हीच मला दोन सालं लिहून दाखवली होती. एकच रात्र आणि दोन्ही बरोबर, असं म्हणाला होतात."

"ते कॅलेंडर होतं, सिस्टर. हा भाऊ आहे."

कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला सगळ्या संतांचे दिवस पाठ होते, पण आपल्याला ठाऊक नसलेल्या भावासाठी कसे रडायचे हे कोणी शिकवले नव्हते. भाभी दारात उभ्या होत्या. त्यांनी मोबाइल काढला, रत्नागिरीला लावला, स्पीकर सुरू केला आणि टेबलावर ठेवला.

"आपा, हे म्हणतात मी तारीख चोरली."

पलीकडे रातकिडे किरकिरत होते. मग आपांचा आवाज आला. "चोरली? कोणी? इस्माईल, तुला काय येड लागलंय? शाळेत नाव घालायला अम्मा तुला घेऊन गेली तेव्हा तुझा हात माझ्या हातात होता. मास्तरांनी विचारलं, पोराची तारीख सांगा. अम्मा गप्प. मला वाटलं आता रडते. मग बोलली, मास्तर, एक तारीख माझ्याकडे हाय. रिकामी पडलीय. ह्याला होईल."

सर फोनजवळ सरकले.

"याकूबचे सदरे बी तूच घातलेस ना? त्याचं दुपटं, त्याची टोपी? ते चोरलेस? थोरल्याचं धाकट्याला होतं, तेवढंच. चांगली चीज घरात पडून राहू नये म्हणून अम्माने तुला घातली."

मग आमच्या सरांनी, इतिहासाच्या मास्तरांनीच विचारावा असा प्रश्न विचारला. "सदरा कसल्या रंगाचा होता, आपा?"

"पिवळा. तुला ढगळ व्हायचा. बटणं मी लावायची."

"आणि मी कधी झालो?"

"ते मला काय ठाव? पावसाच्या शेवटाला, होड्या परत दर्यात उतरल्या त्या दिवसांत. याकूब गेल्याला तेव्हा वर्ष व्हायला आलं होतं. एवढं बस नाय?"

"बस आहे," सर म्हणाले. भाभी चहा टाकायला वळल्या आणि जाता जाता मला म्हणाल्या, "दोन महिने मी हेच सांगत होते. पण माझं ऐकतील तर दळवी कसले."

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर संदेश आला. सर्वांसाठी, उघड: "काल सहा एप्रिल होता. मीराबाईंच्या आईंचा दिवस. जेवलात का, सिस्टर? एका दिवसाचा उशीर. माझा एक गुण कापावा." खाली बाळासाहेबांनी लिहिले होते, "कापला सर." मी फोन छातीशी धरून स्वयंपाकघरात उभी राहिले.

सत्काराला आणि या गौरवग्रंथालाही सरांनी होकार दिला आहे. हे सगळे लिहू का, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "सगळं लिहा. तारखेच्या माणसाने झाकून ठेवू नये." आजच्या समारंभात दोन भावांची आठवण होईल. एकाला हा दिवस नर्सबाईने दिला, दुसऱ्याला आईने. हिशेब केला तर सरांची पंचाहत्तरी अजून दोनेक वर्षे लांब आहे आणि आपण सभागृह आधीच घेऊन बसलो आहोत. मला याचे वाईट वाटत नाही. सर आपण समजत होतो त्याहून थोडे तरुण निघाले. इतका आनंदाचा धक्का या वयात फार थोड्यांना मिळतो. खरी पंचाहत्तरी आपण होड्या दर्यात उतरतील त्या दिवसांत, गावच्या खाडीवर करू. तिथे सरांचे गुडघे शाबूत असावेत, भाभींच्या हातची भाकरी असावी, आपांचा आवाज असाच खणखणीत असावा, आणि त्यानंतरही पुष्कळ सकाळी आमच्या फोनवर आधी तारीख यावी, मग दिवस उजाडावा, एवढे माझे मागणे आहे.

सरांनी एक अट घातली आहे. या सत्कारात त्यांना काही द्यायचे नाही. थोरल्याचे धाकट्याला, या नियमाने त्यांच्याच वस्तू द्यायच्या. कोणाला काय, हे लेखाच्या शेवटी लिहायला त्यांनी मला सांगितले आहे, म्हणून लिहिते.

ग्रंथाची पहिली प्रत मरियमआपांना. रत्नागिरीला जो कोणी पहिला जाईल त्याने ती हातात न्यावी, कुरिअरने पाठवू नये. आपांना वाचता येत नाही. नातवाने मोठ्याने वाचून दाखवावे, याकूबचा भाग दोनदा.

दुसरी प्रत सरांच्या कॉलेजच्या ग्रंथालयाला. पाठपुठ्ठा गेलेले ते पुस्तक अजून असेल तर त्याच्या शेजारी ठेवावी.

भिंतीवरचा नकाशा शाळेच्या इतिहासाच्या वर्गाला. बॅनकबर्नची जागा मुलांच्या बोटांनी काळी झाली आहे, ती पुसू नये.

देग आणि डाव बाळासाहेबांना. पुढच्या तेरा फेब्रुवारीला त्यांच्या खोलीवर चूल पेटेल आणि सर पाहुणे म्हणून जातील, आयुष्यात पहिल्यांदा त्या दिवशी. दाराशी त्यांना तारीख विचारावी. सवलत देऊ नये.

सर प्रवासात असतील त्या दिवसांपुरता 'रोजची तारीख' ग्रुप माझ्याकडे. संत घातले तरी चालतील, असे त्यांनी कळवले आहे.

केकचा पहिला तुकडा एका बशीत याकूबच्या नावाने बाजूला काढावा आणि टाळ्या झाल्यावर सभागृहातल्या सर्वांत लहान मुलाला द्यावा.

चोवीस जून ही तारीख मात्र कोणालाही द्यायची नाही. ती वापरात आहे.